दोन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक: पुण्यातले तिन्ही ऋतू काढल्यानंतर

गोड्या पाण्याचे मासे आमच्याकडे आधीपासून होते, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा टँक आला तेव्हा घरात फारशी कुरकुर झाली नाही. आता त्याने उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं काढलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. टँक २४ बाय १५ बाय १५ इंचांचा. हिशेबाने ८८ लिटर, पण खडक आणि वाळू घातल्यावर पाणी मावतं जेमतेम ७० लिटर. आत दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, काही हर्मिट क्रॅब आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. बस, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवातीच्या बजेटचा मोठा हिस्सा पाण्यावर घाला. दुकानात गेलात की सगळा जोर लाइटवर असतो, कारण लाइट दिसतो आणि विकला जातो. फक्त मासे ठेवायचे असतील तर साधा एलईडी भरपूर झाला.

'घरच्या प्युरिफायरचं पाणी चालेल ना?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. चालत नाही. घरच्या आरओ प्युरिफायरला बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कमी-जास्त करणारा कंट्रोलर असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतो. आमच्या नळाच्या पाण्यात टीडीएस मोजायचं पेन धरलं तर साठाच्या आसपास आकडा यायचा. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले, बोअरचं पाणी मिसळायला लागलं आणि तोच आकडा दीडशेच्या पुढे गेला. पिण्यासाठी त्याने काही बिघडत नाही, पण त्यातून येणारं सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य. म्हणून वेगळा छोटा आरओ आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारा डीआय रेझिनचा डबा असं जोडून घेतलं. पेनवर ० दिसला तरच ते पाणी टँकमध्ये जातं. टँकरच्या दिवसांत रेझिन भराभर संपतं, हा खर्च धरूनच चाला. वाया जाणारं पाणी बादलीत धरलं की फरशी पुसायला होतं.

मग मीठ. 'समुद्राचंच मीठ ना, मग स्वयंपाकघरातलं घाल की' असं ऐकवणारे घरोघरी असतात. मिठागरात काय होतं ते आठवा. पाणी आटत जातं, सोडियम क्लोराइडचे खडे धरतात, ते ओढून घेतात आणि उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. मॅग्नेशियम बरंचसं त्या कडू पाण्यात राहतं. म्हणजे आपल्या डब्यातल्या मिठात समुद्राचा एक मोठा भाग असतो आणि बाकी समुद्र नसतो. टँकला लागतं ते ॲक्वेरियमसाठी बनवलेलं सागरी मीठ, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट मोजून घातलेलं असतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे थोडं कमी-जास्त. बादलीत आधी पाणी, त्यात छोटा पंप सोडायचा आणि मीठ हळूहळू वरून घालायचं. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. मी रात्री कालवून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी वापरते.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दीड-दोन हजारांत मिळतो. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण काट्याला एखादा बुडबुडा चिकटला की आकडा खुशाल खोटा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटरलाही अधूनमधून ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने लावून घ्यावं लागतं. मी पाणी ३५ वर ठेवते, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास.

आता उन्हाळा. याबद्दल परदेशी व्हिडिओंमधून फारसं काही हाती लागत नाही, कारण तिथले लोक हीटरची चर्चा करत असतात. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी खोलीतच ३३-३४ अंश. टँक ३१ ला पोचला की मासे पृष्ठभागाशी जोरजोरात कल्ले हलवायला लागतात, कारण पाणी जितकं गरम आणि खारं तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत अख्ख्या टँकपेक्षा जास्त, शिवाय तो खोलीत गरम हवा सोडतो ते वेगळंच. मी काठावर दोन छोटे पंखे लावले, तिरपे, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असे. पुण्याच्या कोरड्या हवेत त्याने सहज तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडेल अशी अपेक्षा धरू नका. माठ तिथे गार होत नाही त्याचं जे कारण, तेच इथे.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. तीन दिवस कोणी बघितलं नाही तर सहा लिटर कमी आणि ३५ चे ३८. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारलेली आहे आणि रोज त्या रेघेपर्यंत बिनमिठाचं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही. गणपतीत कोकणात जाताना शेजारच्या काकूंना एवढंच सांगून गेले, 'काकू, खायला नाही घातलं तरी चालेल, पाणी मात्र रेघेपर्यंत हवं.' काकूंना हे काही पटलं नाही. त्यांनी एकदा चिमूटभर खाऊ घातलाच. आता फ्लोट व्हॉल्व आणि शेजारी पाण्याचा कॅन अशी सोय केलीय. या सगळ्या खरेदीत तिच्याइतकं समाधान कशानेच दिलं नाही.

मासे येण्याआधीचे पाच-सहा आठवडे कंटाळवाणे असतात आणि ते टाळता येत नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर आणि वाळूत वसायला तेवढा वेळ घेतात. अमोनियासाठी मी बाजारातून कोळंबी आणून जुन्या मोज्यात बांधून आत सोडली. 'एवढी चांगली कोळंबी कुजवायला घालतेयस?' असं सासूबाई म्हणाल्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वास सुटल्यावर त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० येईपर्यंत मासा आणायचा नाही. एका दुकानदाराने मला सांगितलं होतं, 'आधी दोन डॅमसेल टाका, स्वस्तात मिळतात, जगले तर पाणी चांगलं.' हा सल्ला सर्रास दिला जातो. माशाला अमोनियात होरपळवायचं, आणि जगलाच तर तो डॅमसेल पुढे टँकचा दादा होऊन नव्या माशांचे पर कुरतडतो. दोन फुटात तो पकडायचा तर सगळा खडक उपसावा लागतो.

त्यानंतर वाळूवर तपकिरी भुकटी पसरते. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ; काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. मग केसांसारखं हिरवं शेवाळ येतं, आणि ते आपोआप कुठेही जात नाही. जुना टूथब्रश, गोगलगायी, कमी खाऊ आणि दर आठवड्याला ७ लिटर पाणी बदलणं, एवढ्यावर ते माझ्याकडे आटोक्यात आहे. संपलेलं नाही.

क्लाउनफिश घेताना एक मोठा आणि एक लहान बघून घ्या. हे सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीत जो मोठा तो पुढे मादी होतो. शक्यतो हॅचरीत वाढवलेले मागा. त्यांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडेच, तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून धरून आणलेल्या माशासाठी हट्ट करायचं कारण नाही. समुद्रात क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतात तो ॲनिमोन लागतोच असंही नाही. माझी मादी वेव्हमेकरच्या (पाणी फिरवत ठेवणारा पंप) मागच्या कोपऱ्यात झोपते, आणि त्या बाजूला काच पुसायला हात घातला की अंगठ्याला येऊन चावते. दुखत नाही, पण दचकायला होतं.

प्रवाळांचं म्हणाल तर, खडक बांधणारे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडेही संरक्षित. 'लाइव्ह रॉक', म्हणजे आधीच जिवाणू वसलेला समुद्रातला खडक, म्हणून फुलाफुलांची नक्षी असलेला पांढरा दगड कोणी पुढे केला तर तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. तो घेऊ नका. माझ्याकडे सिरॅमिकचे खडक आहेत. पहिले दोन महिने ते विटांसारखे दिसत होते, आता त्यांच्यावर जांभळट थर चढायला लागलाय.

तक्रारी म्हणाल तर दोन. एक, मिठाची पांढरी खपली. काठावर, वायरींवर, मागच्या भिंतीवर ती सरकत जाते आणि दर रविवारी ओल्या फडक्याने पुसावी लागते. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी बोर्डापर्यंत जाणार नाही. दुसरी, लाइट जाणं. वळवाच्या पावसात आमच्याकडे दोन-तीन तास अंधार ठरलेला, आणि वेव्हमेकर बंद पडला की ऑक्सिजन घसरतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो मासे आणायच्या आधी घेऊन ठेवा.

विजेचं विचारतात म्हणून: लाइट आठ तास, फिल्टर आणि वेव्हमेकर चोवीस तास, पंखे उन्हाळ्यात. सगळं मिळून महिन्याला वीसेक युनिट. डिसेंबर-जानेवारीत रात्री हीटर लागतो, तेव्हा त्यापेक्षा बरंच जास्त.