खासदारांचं जनसंपर्क कार्यालय: साडेतीन स्टार, आणि तेही पीएमुळे

आधीच सांगते, ऑफिस कुठल्या खासदाराचं ते लिहिणार नाही, आत्या पुण्याच्या कुठल्या टोकाला राहते तेही नाही, कारण तेवढ्यावरनं लगेच ओळखाल आणि रिव्ह्यू राहील बाजूला, पक्षावरनं भांडणं सुरू.

काम आत्याच्या फॅमिली पेन्शनचं होतं. काका गेले, कागद भरले, आणि केंद्राच्या एका खात्यात फाईल जाऊन बसली, का तर काकांच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर वेगळं. ऑनलाईन तक्रार केली तर "योग्य कार्यवाहीसाठी पाठवले" असं लिहून तक्रार बंदच करून टाकली. मग शेजारचे म्हणाले खासदारांच्या ऑफिसात जा, पत्र घ्या. मला वाटलेलं तिथे फक्त वाढदिवसाचे फ्लेक्स छापतात.

ऑफिस तसं साधंच. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नेत्यांचे फोटो, कोपऱ्यात कोणीतरी दिलेले बुके सुकत पडलेले, आणि दारातच पांढऱ्या शर्टातले चार-पाच जण जे नक्की काय काम करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रत्येकाला "काय काम आहे" हे नव्याने सांगावं लागतं. चहा मात्र विचारतात, आणि चांगला असतो.

बसल्या बसल्या बाकीच्यांची कामं ऐकली तर अर्ध्याहून जास्त लोकं चुकीच्याच दारात आलेली. ड्रेनेज तुंबलंय, पाणी कमी दाबाने येतंय, रस्त्यावरचा लाईट बंद आहे, म्हणजे सगळी महापालिकेची कामं. पण लोकांना तरी काय बोलणार, मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसवलेला, त्यामुळे जो कोणी निवडून आलेला माणूस सापडेल त्याच्याकडे जायची सवय लागलीये सगळ्यांना. ऑफिसवाले हाकलून देत नाहीत हे खरं, क्षेत्रीय कार्यालयात फोन लावतात, पण त्यात पेन्शन-पासपोर्टवाले तासभर बसून राहतात त्याचं काय.

दुसरी गंमत म्हणजे आपला खासदार कोण हेच धड माहीत नसतं. पत्त्यात पुणे आहे म्हणजे पुण्याचा खासदार असं नसतं हो. पुणे लोकसभेत फक्त कसबा, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, कँटोन्मेंट आणि वडगाव शेरी. खडकवासला विधानसभा बारामतीत जाते, हडपसर आणि भोसरी शिरूरमध्ये, पिंपरी-चिंचवड मावळात. आमच्यासमोर एका आजोबांना सांगितलं की तुमचे खासदार दुसरे, ते बिचारे दोन बस बदलून आलेले. दारावर एक नकाशा लावायला काय जातं यांचं? त्याचा अर्धा स्टार कापला.

आता पीए. सगळं ऑफिस या एका माणसावर चाललंय असं माझं स्पष्ट मत. त्याने आत्याला पहिलं वाक्य हे म्हटलं, "काकू, साहेब बघतील असं मी सांगणार नाही, साहेब अधिवेशनाला आहेत. मला तक्रारीचा नंबर द्या, मृत्यूचा दाखला द्या आणि ज्या पत्राने परत पाठवलं ते पत्र द्या." मग पत्रात रडगाणं नाही, थेट मुद्दा, अमुक कागद अमुक तारखेला दिलाय, तरी अडवलंय, कोणत्या नियमाने ते लेखी कळवा. आवक नंबर दिला, आणि मुख्य म्हणजे नंतर स्वतःहून फोन केला. महिन्याभराच्या आत त्या खात्यातनं आत्याला बोलावणं आलं, एक प्रतिज्ञापत्र घेतलं आणि पेन्शन सुरू झाली. खात्याने नवीन काही दिलं नाही, हक्काचंच दिलं, पण लेटरहेड बघून फाईल हलली हे पण तितकंच खरं, आणि याचा राग यायला पाहिजे की आनंद ते अजून ठरत नाहीये.

लेटरहेडची किंमत पुणे मतदारसंघातल्या लोकांना विचारा. तेव्हाचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले आणि पोटनिवडणूक झालीच नाही. डिसेंबरमध्ये हायकोर्ट म्हणालं घ्या, जानेवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि जून 2024 पर्यंत एवढ्या मोठ्या शहराला लोकसभेत माणूसच नाही. तेव्हा अशा पत्रासाठी लोकांनी जायचं कुठे?

काय होतं आणि काय होत नाही ते पण लिहिते, तिथे पाटी नाहीये म्हणून. रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याचं पत्र मिळतं पण वेटिंग तिकीट हातात पाहिजे, गाडीच्या आदल्या दिवशीच पत्र पोचायला लागतं, आणि पत्र म्हणजे कन्फर्म सीट नव्हे. मोठ्या आजारासाठी पंतप्रधान मदत निधीची शिफारस होते, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, पैसे थेट हॉस्पिटलला जातात. केंद्रीय विद्यालयाच्या ॲडमिशनसाठी जाऊ नका, खासदाराचा दहा जागांचा कोटा 2022 मध्येच बंद झालाय, तरी मे-जूनमध्ये लोकं येतातच म्हणे. आणि वर्षाचे पाच कोटी निधी असतो ना, ते काही खासदाराच्या कपाटात नसतात, खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे कलेक्टर ऑफिसकडून. त्यामुळे "आमच्या चौकात दोन बाकडी टाका" याला पण वेळ लागतो.

न आवडलेलं म्हणजे काम झाल्यावर फोटोचा आग्रह. आत्याला पेढे घेऊन बोलावलं, हातात मंजुरीचं पत्र धरायला लावलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार म्हणे. आत्या म्हणाली, "अरे विधवा पेन्शनचा कसला फोटो काढता?" सगळे गप्प. पीएने मात्र लगेच मोबाईल खिशात ठेवला, तेवढी अक्कल आहे त्याला.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा. शनिवार-रविवारी खासदार स्वतः पुण्यात असतात म्हणून तोबा गर्दी, आणि त्या गर्दीत भेट होते, काम होत नाही. कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच न्या, शेजारचा झेरॉक्सवाला ऑफिसची गर्दी बघून पानाला पाच रुपये घेतो.