दहा महिने फाइल सर्व्हर वापरल्यावर: डबा उत्तम, डिस्क चुकल्या

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं सहा जणांचं सीए ऑफिस आहे. फेब्रुवारीत फाइल सर्व्हरसाठी, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणाऱ्या मशीनसाठी, मी कुठल्याशा कंपनीतून निघालेला सहाव्या जनरेशनचा आय-५ डेस्कटॉप १३,५०० रुपयांना घेतला. विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून असे धडधाकट डबे सध्या स्वस्तात मिळतात. ८ जीबी रॅम होतीच. १२० जीबीच्या एसएसडीवर ट्रूनॅस ही फाइल सर्व्हरची सिस्टिम चढवली आणि ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये लावल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो. तयार एनएएस, म्हणजे याच कामासाठी बनवलेलं विकतचं यंत्र, ही नुसती उधळपट्टी, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

सात महिने काही बोलायला जागा नव्हती. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली बिलं, क्लायंटच्या फाइली, सगळं त्याच्यावर. गिगाबिट स्विचवरून सेकंदाला ११० एमबी मिळतात, आम्हाला भरपूर झाले. शुक्रवारी वीज गेली की यूपीएस यूएसबीवरून कळवतो आणि सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. जूनमध्ये आर्टिकलशिप करणाऱ्या शिकाऊ मुलाकडून एका क्लायंटचं अख्खं फोल्डर उडालं. बिचारा रडकुंडीला आला होता. आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून, म्हणजे सर्व्हरने जपून ठेवलेल्या त्या वेळच्या स्थितीतून, ते दोन मिनिटांत परत आलं, तेव्हा मला या डब्याचं खरंच प्रेम वाटलं.

१९ सप्टेंबरला, टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर असताना, एक डिस्क टिक्‌टिक् करत गेली. मी घाबरले नाही, मिरर असतो तो यासाठीच. त्याच मॉडेलची नवी डिस्क आणून संध्याकाळी लावली. २.२ टीबी डेटा, म्हणजे रात्रीत सगळा चढायला हवा. सकाळी येऊन बघते तर ११ टक्के. तिसऱ्या दिवशी ३८. वेग सेकंदाला जेमतेम ३ एमबी, टॅलीत एक व्हाउचर सेव्ह व्हायला अर्धा मिनिट, आणि सगळा भार उरलेल्या एका डिस्कवर. ते तीन दिवस मला धड झोप नव्हती.

कारण शोधलं तेव्हा कळलं, की माझ्या डिस्क एसएमआर होत्या. यात डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून कमी खर्चात जास्त जागा मिळते. पण छपरातलं मधलं कौल बदलायचं तर शेजारची सरकवावी लागतात, तसं इथे थोडं बदलायला पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. वाचताना हा त्रास नसतो. रोजचं किरकोळ लिखाण डिस्क आधी एका वेगळ्या जागेत घेते आणि रिकामा वेळ मिळाला की लावून ठेवते, म्हणून सात महिने मला काहीच जाणवलं नाही. मिरर भरताना रिकामा वेळच मिळत नाही, आणि ती जागा भरली की डिस्क गुदमरते.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आतून सगळ्या डिस्क सारख्याच.” नाहीत हो सारख्या! २०२० मध्ये हा विषय जगभर गाजला, आता कंपन्यांच्या वेबसाइटवर कुठलं मॉडेल एसएमआर ते दिलेलं असतं. माझ्या डिस्कच्या लेबलवर मात्र त्याचा एक शब्द नाही. डिस्कमागे २,६०० रुपये वाचवायला मी हे केलं, याचा मला आजही राग येतो.

चौथ्या दिवशी लोकलने जाऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, डिस्क आणली. साडेपाच तासांत मिरर पूर्ण. तोच डबा, तीच केबल.

तयार एनएएसबद्दलचं मतही बदललं. त्या कंपन्या चालणाऱ्या डिस्कची यादी देतात. मी डबाच घेणार असले तरी ती यादी आधी वाचायला हवी होती. शिवाय एनएएससाठी बनवलेल्या डिस्क खराब सेक्टरवर, म्हणजे वाचता न येणाऱ्या तुकड्यावर, सुमारे ७ सेकंदांत हात टेकतात आणि काम मिररमधल्या दुसऱ्या डिस्ककडे जातं. साधी डेस्कटॉप डिस्क बराच वेळ तिथेच अडून बसते, तोवर अख्खं ऑफिस थांबतं.

गेलेल्या डिस्कच्या बदल्यात वॉरंटीत १९ दिवसांनी दुरुस्त केलेली डिस्क आली, तीही एसएमआरच. दिवाळीत दुसरी जुनी डिस्कही काढून सीएमआर लावली. काढलेल्या डिस्क आता यूएसबी केसिंगमध्ये आहेत. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे दर शनिवारी आलटून पालटून एकीवर सगळ्याची कॉपी घेते आणि ती पिशवीत घालून कळव्याला घरी नेते. रात्रभर सावकाश लिहायच्या या कामाला त्या चांगल्या चालतात.