दारव्ह्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान : आधी ओहम, मग पाना

या दुकानाला बोर्ड नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बसस्टँडवर ‘वाइंडिंगवाले दादा’ म्हटलं की कोणीही रस्ता दाखवतं. हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला आमची ५ एचपीची पाणबुडी मोटार बसली, तेव्हा धुऱ्याशेजारच्या काकांनी इथंच न्यायला सांगितलं. त्याआधी आम्ही दुसरीकडे न्यायचो. तिथं नुसती मोटार पाहूनच ‘जळाली, भरावी लागते’ (म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळावी लागते) असं सांगायचे, आणि भरलेली मोटार पुढच्या हंगामात पुन्हा त्यांच्याच दारात जायची.

इथं दादांनी पान्याला हातच लावला नाही, आधी मीटर काढलं. मोटारीच्या वायरी तीन, म्हणून जोड्या तीन. लाल-पिवळी ४.२ ओहम (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप). पिवळी-निळी ३.१. लाल-निळी, तीही ३.१. मीटर माझ्याकडे वळवून म्हणाले, “पाहा ताई, निळी जिथं जिथं आली तिथं आकडा खाली आला. मंजे निळ्याची कॉइल अंदरून शॉर्ट हाय.” मग मेगर लावून बॉडीकडे करंट गळतो का ते पाहिलं. ते माप मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या हिशेबात. कॉइलचा अडथळा तीन-चार ओहम आणि तिच्यावरच्या वेष्टनाचा अडथळा लाखांत, दोन्ही मोजायचं माप एकच.

बी.एस्सी.ला मी ओहमचा नियम (व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम) पाठ केला होता, पण स्वतःच्या मोटारीवर तो चालताना पहिल्यांदा या दुकानात पाहिला. ओहम हे आडनाव. जॉर्ज सायमन ओहम, जन्म १७८९, जर्मनीतलं एर्लांगेन गाव, वडील कुलपं बनवणारे कारागीर. वडिलांना शाळा फारशी मिळाली नव्हती, तरी स्वतः शिकून त्यांनी मुलांना गणित शिकवलं. जॉर्ज पुढे कोलोनच्या शाळेत मास्तर झाले. तिथं वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी मोजलं की तार लांब तसा करंट कमी. १८२७ साली ते पुस्तकात मांडलं, तर त्यांच्याच देशात कोणी फारशी किंमत केली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ साली. अडथळ्याच्या मापाला त्यांचं आडनाव कायम झालं १८८१च्या पॅरिस परिषदेत, व्होल्ट आणि अँपिअरबरोबर. तेव्हा त्यांना जाऊन २७ वर्षं झाली होती. इंग्रजीत माणूस लिहिताना पहिलं अक्षर मोठं, माप लिहिताना लहान. आणि खूण म्हणून त्यांचं ‘ओ’ घेतलं नाही, ग्रीक ओमेगा घेतला, कारण आकड्यापुढे ‘ओ’ आला की शून्य वाटतं. दुकानात आयटीआयची दोन पोरं शिकतात, ती ‘ओम’ म्हणतात. दादा दर वेळी ‘ओहम’ म्हणून सुधारतात. खरं तर जर्मनीत ते आडनाव ‘ओम’ असंच म्हणतात, मधला ‘ह’ मुका असतो. पण दादांची आस्था मला फार आवडली. ज्याच्या नियमावर आपली चूल पेटते त्याचं नाव आठवणीनं घ्यावं.

मोटार खोलण्याआधी दादांनी विचारलं, “डीपीपासून विहीर किती दूर?” हजारेक फूट. “केबल?” तांब्याची, अडीच एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर). तिथंच त्यांनी कागदावर हिशेब मांडला. तेवढ्या लांबीच्या एका तारेचा अडथळा २ ओहमच्या वर जातो, त्यात मोटार ८ अँपिअर ओढते, त्या गुणाकाराला तीन फेजसाठी आणखी १.७३ नं गुणलं की जवळपास ३० व्होल्ट वाटेतच खर्च. डीपीवरच ३६० मिळत असतील तर विहिरीत ३३०. दाब कमी झाला की तेवढंच पाणी उचलायला मोटार जास्त अँपिअर खेचते आणि तापत जाते. “मोटार खराब नाही तुमची. केबल तिले उपाशी ठेवते.” ६ एमएमची केबल टाकली तर तोच खर्च १२ व्होल्टवर येतो, हेही त्याच कागदावर लिहून दिलं. कोलोनच्या मास्तरांनी तारेच्या लांबीचं जे सांगितलं ते आमच्या धुऱ्यावर दर रब्बीत घडत होतं, आणि आम्ही भराईचे पैसे देत होतो. केबल ते विकत नाहीत, म्हणून या सल्ल्यात त्यांचा एक रुपयाही नव्हता. एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले.

काम चोख. नवी तार आपल्यासमोर तोलतात, जुनं तांबं आपलं आपल्याला परत देतात. भरून झाल्यावर तिन्ही जोड्या पुन्हा मोजून दाखवल्या, तिन्हीकडे ४.३, आणि ते आकडे पावतीवर लिहिले. पुढं कधी शंका आली तर हीच पावती पुढे धरायची, असं बजावलंही. भराईचे साडेपाच हजार घेतले. हा भाव गावातल्या इतरांपेक्षा थोडा वरचा आहे, पण मला महाग वाटला नाही.

तक्रार वेळेची. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत सांगितलेल्या दिवशी मोटार मिळत नाही आणि फोन उचलला जात नाही. ज्याचं पीक वाळतं त्याला हे परवडत नाही. दादांनी सीझनपुरता तरी आणखी एक जाणता हात ठेवायला हवा. बसायलाही जागा नाही, बाया-माणसांनी उन्हात उभं राहायचं.

जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारनंतर ते शेतावर मोटारी उतरवायला निघून जातात. केबलची लांबी आणि जाडी विचारून ठेवा. स्टार्टर सोबत न्या. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) किती अँपिअरवर लावला आहे ते पाहून नीट करून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. ८ अँपिअरच्या मोटारीला आमचा १२ वर लावलेला निघाला.