कमळाचं टाकं गळतंय: कोटिंग की लायनर?

इंदुरातल्या आमच्या वहिनींच्या अंगणातलं टाकं रोज बोटभर उतरतं. भेगा बुजवून वॉटरप्रूफ कोटिंग मारावं की आत लायनर, म्हणजे पाणी न झिरपणारी चादर, अंथरावी, यात त्या अडकल्यात.

आधी गळती खरी आहे का ते बघा. भरलेली बादली टाक्याच्या पायरीवर ठेवा, बादलीच्या आतबाहेर पाण्याच्या रेषेवर खूण करा, 24 तास पंप बंद. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर तो उन्हाचा प्रताप. टाकं जास्त उतरलं तर गळती. पाणी जिथे थांबेल त्या पातळीला भेग शोधा. तिथे शाईचा थेंब सोडला की आत ओढला जातो.

खर्चात कोटिंग स्वस्त. पण शेवाळ घासून काढायचं, वर सिमेंटचा क्षार उतरतो म्हणून मासे सोडण्याआधी पाणी दोन-तीनदा बदलायचं. शिवाय माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बुजवलेली भेग पुन्हा उघडते. ईपीडीएम रबराचं लायनर या हालचालीबरोबर ताणलं जातं. महाग आहे, कोपऱ्यात घड्या पडतात, खाली जुना सिंथेटिक गालिचा तरी हवाच.

एकच जुनी, न वाढणारी भेग असेल तर कोटिंग. दरवर्षी नवी पडत असेल तर लायनर. पंप चालू असतानाच पाणी उतरत असेल तर दोन्ही नको, पाइपाचे जोड बघा.