इलेक्ट्रिक कारच्या ‘सबसिडी फाईल’चे पंधरा हजार

घरी इलेक्ट्रिक कार घ्यायचं चाललं असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी हे वाचा.

माझ्या मोठ्या भावाने २०२५ च्या सुरुवातीला नाशिकमध्ये अशी कार घेतली. बुकिंग झाल्यावर सेल्समन त्याला म्हणाला, “साहेब, पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेचे दीड लाख थेट तुमच्या खात्यात येतात. फक्त फाईल मार्चच्या आत गेली पाहिजे. मी करून देतो.” फाईलचे म्हणून पंधरा हजार घेतले, तेही स्वतःच्या नंबरवर. आधार, पॅन, कॅन्सल चेकही घेतला. त्या दीड लाखाच्या भरवशावर दादाने पुतणीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे डाऊन पेमेंटमध्ये घातले.

पैसे आलेच नाहीत. आधी ‘पोर्टल बंद आहे’, मग ‘दिल्लीहून मंजुरी यायचीय’, शेवटी फोनच बंद. मॅनेजर म्हणतो, तो मुलगा नोकरी सोडून गेला, पावती आमची नाही, आमचा काही संबंध नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. शोरूमच्या टेबलावर बसून, शोरूमचं ओळखपत्र गळ्यात घालूनच तो हे बोलत होता ना?

१ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये खासगी कारला एक रुपयाही नाही. १०,९०० कोटींची ही योजना दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक, बस आणि चार्जिंग स्टेशनसाठी आहे. त्याआधीच्या फेम-२ या केंद्राच्याच योजनेतही कारसाठीचं अनुदान टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांनाच होतं. आणि दुचाकीला जी सबसिडी ठेवली होती, तीसुद्धा ग्राहकाच्या खात्यात येत नव्हती. बिलातच किंमत कमी व्हायची, डीलर ई-व्हाउचर (सबसिडीची ऑनलाइन पावती) काढायचा, ग्राहक त्यावर सही करायचा आणि सरकारकडून पैसे कंपनी वसूल करायची. त्यामुळे ‘आधी पूर्ण किंमत भरा, सबसिडी नंतर खात्यात येईल’ असं कोणी म्हणालं, की तिथेच उठा.

दीड लाख हा आकडा दादाने आधी कुठेतरी ऐकलेला होता, म्हणून त्याला ते खरं वाटलं. आयकराच्या कलम ८०ईईबीखाली इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळायची. पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच, आणि तीही करपात्र उत्पन्नातून. हातात पैसे पडत नव्हते.

राज्याची सवलत वेगळी असते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात खासगी कारही आहेत. ती सवलत सांगितली, तर कोटेशनवर आकडा लिहून, शिक्का मारून घ्या.

आम्ही यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जोडून पोलिसांत अर्ज दिलाय, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलंय, आणि शोरूमविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवलीय. तुमच्याकडूनही कोणी असे ‘फाईल’चे पैसे घेतले असतील, तर त्याचे मेसेज पुसू नका आणि तक्रार द्यायला उशीर करू नका.