एबीएसचा दिवा आणि उलटे बसलेले बेअरिंग: उद्यमनगरातील एका गॅरेजचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या गॅरेजमध्ये मी 2016 च्या माझ्या हॅचबॅकचा पिवळा एबीएस दिवा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीतील बिघाड दाखवणारा) घेऊन गेलो, तेव्हा माझ्या खिशात दुसऱ्या एका ठिकाणाहून मिळालेला 38,000 रुपयांचा अंदाज होता. त्या ठिकाणी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून दहा मिनिटांत एबीएस मॉड्यूल, म्हणजे या प्रणालीचा नियंत्रक भाग, बदलण्याचा निर्णय सांगण्यात आला होता. येथे एकूण खर्च 3,850 रुपये आला आणि मॉड्यूलला कोणी हातही लावला नाही.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो दिवा नेमका कधी लागतो, हा. चावी फिरवल्यावर इतर दिव्यांबरोबर तो लागत असे, काही सेकंदांनी विझत असे आणि गाडी थोडी पुढे गेली की पुन्हा लागत असे. याचा अर्थ, उभ्या गाडीत प्रणाली स्वतःची जी तपासणी करते ती निर्विघ्न पार पडत होती आणि बिघाड चाक फिरू लागल्यावरच उघड होत होता. दुसरा प्रश्न, अलीकडे चाकांचे काही काम झाले आहे का, असा होता. तीन आठवड्यांपूर्वी पुढच्या डाव्या चाकाचे आवाज करणारे बेअरिंग मी दुसरीकडे बदलून घेतले होते. हे मी आधीच्या ठिकाणीही सांगितले होते; तिथे त्याची कोणी दखल घेतली नव्हती.

येथेही स्कॅनर लावला, पण कोड वाचून थांबले नाहीत. मला शेजारी बसवून शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याला गाडी काढली आणि पडद्यावर चारही चाकांचा वेग दाखवला. तीन चाके ताशी 22 किलोमीटर दाखवत होती आणि पुढचे डावे चाक शून्यावर बसून होते. परत आल्यावर त्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या जोडणीत 12 व्होल्ट येतात का हे मीटरने पाहिले आणि स्वतःकडचा चालू स्थितीतला सेन्सर लावून तीच फेरी पुन्हा मारली. आकडा शून्यच राहिला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, सेन्सर चांगला आहे. त्याच्यासमोर बघायलाच काही ठेवलेलं नाही."

या वाक्याचा उलगडा सायंकाळी झाला. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सरसमोर दात असलेली लोखंडी रिंग फिरत असे. माझ्या गाडीत तिच्या जागी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून असलेली चुंबकीय पट्टी आहे. दोन्ही बाजूंची सील पाहताना जवळजवळ सारखीच दिसतात. त्यामुळे प्रेसवर (दाब देऊन भाग बसवण्याच्या यंत्रावर) दाबताना बेअरिंग उलटे बसले तर चाक सुरळीत फिरते, आवाज येत नाही, फक्त सेन्सरला काहीच कळत नाही. मिस्त्रींनी चुंबकत्व दाखवणारी हिरवट फीत असलेले एक लहानसे कार्ड नव्या बेअरिंगच्या दोन्ही तोंडांवर टेकवून दाखवले. एका बाजूला फितीवर बारीक उभ्या रेषा उमटल्या, दुसऱ्या बाजूला ती कोरी राहिली. मग नकल (चाकाचे बेअरिंग ज्यात बसते तो भाग) खोलून जुने बेअरिंग बाहेर दाबले आणि सेन्सरकडे असलेल्या त्याच्या बाजूवर तेच कार्ड ठेवले, तर तेथे एकही रेषा नव्हती. तीन आठवडेच चाललेले ते बेअरिंग मात्र पुन्हा वापरता आले नाही, कारण बाहेर दाबताना आतल्या गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटांवर जोर येतो. बेअरिंगचे 1,850, मजुरीचे 1,400 आणि तपासणीचे 600 असा हिशेब झाला, जो मला रास्त वाटला.

दिवा लागलेला असताना साधा ब्रेक लागतो. फक्त जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरण्याचा धोका असतो, हे येथे नीट समजावून सांगितले गेले. लाल ब्रेकचा दिवाही सोबत लागला तर मात्र गाडी पुढे नेऊ नये, असेही त्यांनी बजावले. (मी त्या पिवळ्या दिव्यासह भर पावसात करूळ घाट उतरलो होतो, हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.)

उणिवाही आहेत. प्रेस एकच असल्याने गाडी सकाळी दिली तरी संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, बसायला एक बाक आहे आणि फोन सहसा उचलला जात नाही. पावतीवर आधी केवळ "बेअरिंग काम" एवढेच लिहिले होते. मी मागितल्यावर भागाचा क्रमांक आणि गाडीचे किलोमीटर लिहून मिळाले. हे न मागता व्हायला हवे, कारण उद्या पुन्हा तक्रार उद्भवली तर ग्राहकाच्या हाती तेवढाच पुरावा असतो.

काम संपल्यावर मोकळ्या मातीच्या रस्त्यावर त्यांनी मला जोरात ब्रेक दाबायला लावले. पायाखाली पेडल थरथरले, चाके जाम न होता गाडी सरळ थांबली. त्यानंतर सुमारे 1,100 किलोमीटर झाले आहेत आणि दिवा पुन्हा लागलेला नाही.