शब्द गाळायचा की ओळ नव्यानं गायची?

गाण्यातल्या जातिवाचक किंवा अपंगांना हिणवणाऱ्या शब्दावर तक्रार आली, की लातूर-नांदेडकडच्या स्टुडिओत आधी म्यूटच सुचतं. गायकाचा ट्रॅक वेगळा असेल तर काम मिनिटांचं. नुसतं मिक्स (आवाज आणि वाद्यं एकत्र केलेली फाइल) हाती असेल तर शब्दासोबत हलगीही गायब. वर ती रिकामी जागा ऐकणारा मनातल्या मनात भरतोच.

ओळ नव्यानं गाणं खर्चिक, पण तेच बरं. अमेरिकी गायिका लिझो आणि बियॉन्से यांनी २०२२ मध्ये अशाच तक्रारींनंतर आपल्या गाण्यातले शब्दच बदलले. मात्रा, यमक सांभाळा. माइक तोच, तोंडापासूनचं अंतर तेवढंच. दोन ओळी आधीपासून गाऊन घ्या, जोड श्वासावर द्या, १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (जुना आवाज उतरवत नवा चढवणं) पुरतो. यूट्यूबवर मात्र जुन्या लिंकवर नवी फाइल चढत नाही, व्ह्यूज शून्यापासून. आणि वरातीतल्या डीजेच्या पेनड्राइव्हवरची जुनी प्रत? तिला दोन्ही उपाय लागू नाहीत.